लगाम कुणाच्या हातात? व्हिक्टोरियाकालीन उमरावी घोडागाडी ओळखण्याची रीत

गेटवेसमोर किंवा मरीन ड्राइव्हवर ज्यांनी कधी व्हिक्टोरियातून फेरी मारली असेल त्यांच्या डोळ्यांपुढे ती गाडी आजही उभी राहील. मागे दोघांची ऐसपैस बैठक, डोक्यावर मागे दुमडणारा टप, पुढे उंचावर बसलेला गाडीवाला आणि चढताना सहज पाय टेकेल इतकी खाली आलेली पायरी. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या फेऱ्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. घोड्यांचे जे हाल होत होते ते पाहता निकाल योग्यच होता. पण त्या गाडीबरोबर एक गोष्ट आपल्या नजरेआड झाली, ती म्हणजे तिचं मूळ. १८७० च्या सुमारास लंडनमध्ये व्हिक्टोरिया ही श्रीमंत घरच्या बायकांची, उन्हाळ्याच्या संध्याकाळी बागेत मिरवायची गाडी होती. तिची ती खाली आलेली पायरी घोळदार झग्यांसाठी होती.

जुन्या इंग्रजी फोटोंखालच्या ओळी मराठीत आणायचं काम मी करते. त्यात पहिल्यांदा अडले ती घोडागाड्यांपाशी. मूळ मजकुरात ब्रूम, बरूश, लँडो, फेटन अशी नावं ओळीने येतात आणि मराठीत सगळ्यांची मिळून एकच ‘बग्गी’ होते. एका संग्रहालयात तर लँडोपुढे ‘व्हिक्टोरिया’ अशी पाटी वाचून मी बराच वेळ तिथेच थांबले होते. पाटी लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण कुठे पाहायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. तेच इथे सविस्तर सांगते. हातात जुना फोटो असो, समोर संग्रहालयातली गाडी असो किंवा पडद्यावर जुन्या काळातली मालिका चालू असो, पुढच्या क्रमाने पाहत गेलात तर बहुतेक गाड्या ओळखता येतील. आणि नुसतं नावच कळेल असं नाही. गाडी कुणाची, आत कोण बसायचं, दिवसाच्या कुठल्या वेळी बाहेर पडायची, हेही उलगडत जाईल.

सुरुवात बाजूने

गाडी समोरून पाहू नका. समोरून सगळ्याच गाड्या म्हणजे घोड्यांची डोकी आणि कोचमनची उंच टोपी. गाडीची सगळी घडण बाजूने दिसते. संग्रहालयात असाल तर दाराच्या बाजूला, चाकांच्या मधोमध उभे राहा आणि वहीत नुसती बाह्यरेषा काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही. दोन चाकं, मधल्या पेटीचा खालचा बाक, बैठकांची उंची, टपाची रेषा एवढं आलं की झालं. फोटो काढून पुढे जाणाऱ्याला यातलं काही लक्षात राहत नाही, हात फिरवला की राहतं.

पहिला प्रश्न: लगाम कुणाच्या हातात?

चाकं, टप, रंग सगळं नंतर. आधी हे पाहा की गाडी मालक हाकतो आहे, पगारी कोचमन हाकतो आहे, की कुणीच हाकत नसून घोड्यावर बसलेला स्वार गाडी नेतो आहे. इंग्लंडातल्या उमरावी गाड्यांची सगळी विभागणी या एका प्रश्नावर होते. माझ्या अनुभवात, नवख्या माणसाचं चुकतं ते हा प्रश्न न विचारल्याने.

मालक स्वतः हाकत असेल तर ती गाडी फेटन, गिग किंवा डॉगकार्ट यांच्या कुळातली. अशा गाडीत पुढची बैठक सगळ्यात आरामशीर असते, कारण मालक तिथे बसतो. मोतद्दार मागच्या छोट्या फळीवर, बहुतेक वेळा हाताची घडी घालून. फोटोत मागे बसलेला, हाताची घडी घातलेला गणवेशातला पोऱ्या दिसला की समजा, पुढे लगाम धरलेला माणूस नोकर नाही.

कोचमन हाकत असेल तर उलट. त्याची बैठक उंच आणि मालकाच्या बैठकीपासून वेगळी, आणि गाडीची सगळी मऊ गादी मागे. ब्रूम, व्हिक्टोरिया, बरूश, लँडो या सगळ्या अशा.

तिसरा प्रकार दरबारी. कोचमनची बैठकच नाही, आणि जोडीतल्या डाव्या घोड्यावर स्वार बसलेला. अ‍ॅस्कॉटच्या शर्यतींना राजघराण्याची मिरवणूक ज्या लँडोंमधून येते त्या आजही अशाच चालतात.

एक सावधगिरी इथेच सांगते. इंग्लंडात हाकणारा बैठकीच्या उजव्या अंगाला बसतो आणि सोबत त्याच बैठकीवर दुसरा नोकर असेल तर तो त्याच्या डावीकडे. जुन्या फोटोत कोचमन डावीकडे दिसला तर गाडीबद्दल तर्क करण्याआधी फोटो उलटा छापला गेला आहे का ते तपासा. दुकानाची पाटी, कोटाची बटणं, काहीतरी सापडतंच.

चाकं मोजा, मग पुढचं चाक पाहा

दोन चाकं म्हणजे हलकी, वेगवान, बहुधा मालकाने हाकायची गाडी. गिग ही त्यातली सगळ्यात साधी: एक घोडा, दोघांची बैठक. डॉगकार्टमध्ये माणसं पाठीला पाठ लावून बसतात आणि बैठकीखाली शिकारी कुत्र्यांसाठी पेटी असते. त्या पेटीला हवेसाठी झडपा असतात, त्यामुळे ती चटकन ओळखू येते. पुढे कुत्रे नेणं सुटलं तरी झडपा राहिल्या. गावाकडच्या घरून स्टेशनवर पाहुणे आणायला हीच गाडी जायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी आलेली गव्हर्नेस कार्ट म्हणजे चक्क चाकांवरचं टब. दार मागून, मुलं आत समोरासमोर, म्हणजे कुणी बाहेर पडायची भीती नाही.

शतकाच्या पूर्वार्धात शौकीन तरुणांची गाडी होती कॅब्रिओले. मोठा डौलदार घोडा, दोन चाकं, वर टप आणि मागे फळीवर उभा असलेला लहानखुरा नोकर. त्या नोकराला ‘टायगर’ म्हणत. घोडा जितका मोठा आणि टायगर जितका छोटा तितकी मालकाची ऐट जास्त. ‘कॅब’ हा शब्द याच नावातून आला, आणि पुढे भाडं मोजणारं यंत्र लागल्यावर टॅक्सीमीटर-कॅब, म्हणजे आपली टॅक्सी.

कोचमन मागे उंचावर, लगाम छतावरून पुढे गेलेला आणि गाडी दोन चाकांची असेल तर ती हॅन्सम. जोसेफ हॅन्सम या वास्तुरचनाकाराने १८३४ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि आपण जी ओळखतो ती पुढे जॉन चॅपमनच्या सुधारणांनंतरची. ही मात्र भाड्याची. उमराव तिच्यात बसत, पण ती त्यांच्या तबेल्यातली गाडी समजू नका.

चार चाकांच्या गाडीत पुढचं चाक मागच्याहून लहान का, हे प्रत्येकाने एकदा वाकून पाहावं. वळताना पुढचा आख फिरतो आणि चाक गाडीच्या पेटीखाली शिरतं. चाक मोठं असेल तर ते पेटीला घासेल. म्हणून एक तर चाक लहान करायचं, नाहीतर पेटीला त्या जागी खाच द्यायची. ब्रूमच्या पुढच्या भागाला जो कापून काढल्यासारखा बाक असतो तो त्यासाठी. लंडनच्या चिंचोळ्या गल्लीत दारासमोर गाडी वळवता येणं ही तिची मोठीच सोय होती.

बैठका कुणीकडे तोंड करून?

आता आत बसणाऱ्यांकडे पाहा. सगळ्यांची तोंडं पुढे असतील तर दोघांची गाडी: व्हिक्टोरिया किंवा ब्रूम. समोरासमोर दोन पूर्ण बैठका असतील तर चौघांची: बरूश, लँडो किंवा क्लॅरेन्स. पाठीला पाठ असेल तर डॉगकार्ट. दोन्ही बाजूंना लांबट बाकं असतील तर वॅगनेट, गावाकडे सहलीला न्यायची.

समोरासमोरच्या गाडीत कोण कुठे बसतं यालाही रीत होती. पुढे तोंड करून बसण्याचा मान घरच्या बाईचा आणि मोठ्या पाहुण्यांचा. घोड्यांकडे पाठ करून बसायचं ते लहान मुलींनी, सोबतीणीने किंवा पुरुषाने. त्यामुळे फोटोत ओळख पटवायची असेल तर मागच्या बैठकीपासून सुरुवात करा. व्हिक्टोरियात कोचमनच्या पाठीमागे कधी कधी एक छोटी दुमडती बैठक असते, तिला पाहून गाडी चौघांची समजू नका.

टप: इथेच सगळ्यांची गफलत होते

बरूश, लँडो आणि व्हिक्टोरिया या तिन्ही उघड्या गाड्या. तिघींनाही दुमडता टप. तरी फरक अगदी ठाम आहे.

व्हिक्टोरियाचा टप एकच, मागून येणारा, आणि त्याखाली एकच बैठक. दार नाही. पेटीचा बाक खाली येऊन पुन्हा पायांशी वर जातो, आणि चाकांवरून मडगार्ड वळणाने पायरीत उतरतं, झग्याला चिखल लागू नये म्हणून. प्रिन्स ऑफ वेल्सने १८६९ च्या सुमारास ही फ्रेंच घडणीची गाडी इंग्लंडात आणली असं सांगितलं जातं. नाव त्याच्या आईचं मिळालं.

बरूशचा टपही एकच आणि तोही मागचा, पण बैठका दोन, समोरासमोर. म्हणजे पाऊस आला तर मागचे दोघे झाकले जातात आणि समोरचे भिजतात. त्यामुळे ती निव्वळ चांगल्या हवेची, दिमाखाची गाडी राहिली. उंच कोचमन, मागे उभे किंवा बसलेले दोन नोकर, घोड्यांची उंच जोडी.

लँडोचे टप दोन. एक मागून येतो, एक पुढून, आणि मधोमध मिळून कुलपासारखे बसतात. दोन्ही उघडले की बरूशसारखी, दोन्ही मिटले की चक्क बंद गाडी. जर्मनीतल्या लँडाऊ गावावरून नाव पडलं. इंग्लंडच्या हवेत एकच गाडी ठेवायची ऐपत असेल तर शहाणी निवड हीच, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

उघडी लँडो आणि बरूश यांत गोंधळ झाला तर एकाच जागी पाहा: पुढच्या बैठकीची पाठ, कोचमनच्या अगदी मागची. तिथे चामड्याची जाड वळकटी दिसली तर लँडो, कारण पुढचा टप दुमडून तिथेच बसतो. तिथे नुसती ठेंगणी, मोकळी पाठ दिसली तर बरूश. ज्या पाटीपुढे मी थांबले होते तिथे ही वळकटी हातभर जाडीची होती, तिच्या टाक्यांमधलं मेणाचं सूत अजून काळं चकचकीत होतं. एकदा ती दिसली की दुसरं नाव सुचणं शक्य नाही.

लँडो मिटलेली असेल तर आणखी एक खूण. खिडकीच्या वरचा भाग लाकडी नसून चामड्याचा असतो आणि बाहेरून वाकडी लोखंडी पट्टी, बाबागाडीच्या टपाला असते तशी, टप ताणून धरते. अमेरिकेतल्या शववाहिन्यांच्या अंगावर आजही इंग्रजी एस अक्षरासारखी जी चकाकती पट्टी दिसते ती याच लोखंडाची निव्वळ शोभेची आठवण.

पूर्ण बंद गाड्यांत ओळखायची पहिली ब्रूम. लॉर्ड चॅन्सेलर राहिलेल्या हेन्री ब्रूम यांनी १८३८ मध्ये रॉबिन्सन अँड कुक या कारखान्याकडून ती करून घेतली. तोवर सभ्य गृहस्थाने शहरात बंद गाडीतून जायचं म्हणजे दोन घोड्यांचं मोठं धूड काढायचं, आणि आत चढायला पायऱ्यांची शिडी उलगडायची. ब्रूममध्ये एक घोडा, दोघांची बैठक, समोर काच, आणि दार इतकं खाली की रस्त्यावरून एक पाऊल टाकलं की आत. लंडनमध्ये डॉक्टरांपासून सरदारांपर्यंत सगळ्यांनी ती उचलली. कोचमनशी बोलायची सोयही आत होती. एक दोरी त्याच्या हाताला किंवा बोटाला बांधलेली असायची, आत बसलेल्याने ती ओढली की गाडी थांबवायची.

ब्रूम लांबवून आत चौघांची सोय केली की क्लॅरेन्स. ती जुनी होऊन भाड्याला लागली की लंडनकर तिला ‘ग्राउलर’ म्हणत, दगडी रस्त्यावरच्या गुरगुराटावरून.

खाली वाका: कमानी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि गाडीचा दर्जा तर इथेच कळतो. आखाच्या वर डोळ्याच्या आकाराची, दोन धनुष्यं समोरासमोर ठेवल्यासारखी पोलादी कमान दिसली तर ती लंबवर्तुळाकार कमान. ओबादाया इलियट याने १८०४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी पुढचा आणि मागचा आख जोडायला गाडीखालून एक लांब लाकडी तुळई लागायची. या कमानीने तुळईची गरज संपवली, गाडी हलकी झाली, खाली आली. ब्रूम आणि व्हिक्टोरिया या दोन्हींचा जन्म त्या एका सुधारणेमुळे शक्य झाला.

याउलट, मागे आणि पुढे इंग्रजी सी अक्षरासारख्या उंच कमानी आणि त्यांच्या टोकांना जाड चामडी पट्ट्यांनी टांगलेली पेटी दिसली, खाली तुळईही असली, तर ती खर्चिक गाडी. अशी पेटी झोक्यासारखी हलते, आत बसलेल्याला खड्डा जाणवत नाही. दरबारी गाड्या आणि उत्तम बरूश अशा टांगलेल्या असतात. वजन जास्त, दुरुस्ती महाग, आणि म्हणूनच त्यातली ऐट मोठी.

रंग, चिन्ह, दिवे, तुंब्याचं टोपण

उमरावी गाडीचा रंग भडक नसतो. गर्द निळा, बाटलीहिरवा, गडद तांबडा, काळा, आणि चाकांच्या आऱ्यांवर बारीक रेषा. लाकडाची निवडही ठरलेली: सांगाडा अ‍ॅशचा, चाकाचा तुंबा एल्मचा, आरे ओकचे, बाजूचे तक्ते महोगनीचे. त्यावर रंगाचे आणि वार्निशचे मिळून वीसच्या आसपास हात, प्रत्येक हात वाळून घासल्यावर पुढचा. नवी गाडी तयार व्हायला महिने का लागत ते यावरून कळेल.

दारावर घराण्याचं चिन्ह असेल तर ते आकाराने लहान असावं, हीच अभिरुची समजली जाई. ते फुकट नव्हतं. १८६९ च्या कायद्याने चिन्ह वापरायला वर्षाला एक गिनी कर होता, आणि ते गाडीवर रंगवलं असेल तर दोन गिनी. चाकरीतल्या पुरुष नोकरांवरही वेगळा कर होता. म्हणजे फोटोतल्या गाडीवर चिन्ह आणि वर दोन गणवेशधारी दिसले, तर तो सगळा करपात्र थाट होता हे लक्षात ठेवा.

दिवे जवळून पाहायला मिळाले तर सोडू नका. काचेच्या चौकटीखाली एक लांब नळी लोंबते. तिच्यात मेणबत्ती असते आणि तिच्याखाली स्प्रिंग. मेणबत्ती जळत जाते तशी स्प्रिंग तिला वर ढकलत राहते, त्यामुळे ज्योत सगळा वेळ परावर्तकाच्या मधोमध राहते. इतकी साधी आणि इतकी नेमकी युक्ती पाहून मला दर वेळी त्या अनाम कारागिराचा अभिमान वाटतो.

शेवटी चाकाच्या मध्यावरचं धातूचं टोपण. कारखान्याचं नाव बहुधा त्यावर कोरलेलं असतं, नाहीतर दिव्यावर. लंडनमध्ये गाडीकारागिरांचा मुख्य रस्ता लाँग एकर. हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली ही नावं वाचलीत तर गाडी वरच्या दर्जाची समजा. याच कारखान्यांनी पुढे रोल्स-रॉइसच्या मोटारींच्या बॉड्या बांधल्या.

चाकाच्या घेरावर बसवलेली धाव लोखंडी की रबरी, हेही टिपून ठेवा. भरीव रबरी धाव असेल तर गाडी किंवा निदान तिची चाकं शतकाच्या शेवटच्या काही वर्षांतली.

घोडे, साज आणि एक दुखरी जागा

दोन दांड्यांच्या मध्ये एक घोडा म्हणजे हलकी गाडी. मधला एक दांडा आणि दोन्ही अंगांना घोडे म्हणजे जोडी. जोडी रंगाने, उंचीने, चालीने सारखी असणं हीच खरी श्रीमंती, कारण असे दोन घोडे शोधून जुळवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागत. अनेक सधन घरं म्हणून घोडे विकत न घेता वर्षाच्या कराराने भाड्याने आणत. थॉमस टिलिंगसारखे मोठे पुरवठादार लंडनमध्ये हाच धंदा करत.

आता साज नीट पाहा. घोड्याच्या तोंडातून निघून मानेवरून पाठीवरच्या खोगिराला अडकवलेली एक आखूड वादी दिसली तर ती मान ताणून धरायची वादी. तिने घोड्याचं डोकं सतत उंच राहतं आणि फोटोत तो फार रुबाबदार दिसतो. प्रत्यक्षात त्याला चढावर मान खाली घालून जोर लावता येत नाही, श्वास कोंडतो, तोंडाला फेस येतो. एडवर्ड फोर्डम फ्लॉवर या गृहस्थांनी १८७० च्या दशकात, उतारवयात, या वादीविरुद्ध नेटाने मोहीम चालवली. मला या गाड्या मनापासून आवडतात, आणि म्हणूनच ही वादी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये असं वाटतं. ज्या फोटोत घोड्यांच्या माना अनैसर्गिक ताठ आहेत, तिथे थाटाची किंमत कोण मोजत होतं ते उघड आहे.

वेळ आणि जागा ताडून पाहा

गाडीचं नाव ठरलं की ते प्रसंगाशी जुळतं का पाहा. सकाळी खरेदीला, रात्री नाटकाला किंवा जेवणाला बंद ब्रूम. दुपारी ओळखीच्या घरी भेटीला, नावाची कार्डं द्यायला, हवेप्रमाणे लँडो किंवा व्हिक्टोरिया. उन्हाळी हंगामात संध्याकाळी पाच ते सात हाइड पार्कमध्ये व्हिक्टोरिया आणि बरूश यांची रांग. घोडेस्वारांसाठी तिथे रॉटन रो वेगळी, गाड्यांचा रस्ता वेगळा, आणि भाड्याच्या गाड्यांना बागेत मज्जाव. त्यामुळे हाइड पार्कच्या फोटोत दिसणारी गाडी खासगी हे गृहीत धरायला हरकत नाही. मालिकेत नायिका पार्कमध्ये हॅन्सममधून फिरताना दाखवली तर ते चुकलं आहे.

याच बागेत वर्षातून काही वेळा चार घोड्यांच्या ड्रॅग गाड्या जमत. ड्रॅग म्हणजे जुन्या टपालगाडीच्या घाटाची खासगी गाडी. १८५६ मध्ये हौशी मंडळींचा फोर-इन-हँड ड्रायव्हिंग क्लब निघाला आणि १८७० च्या दशकात कोचिंग क्लब नावारूपाला आला. इथे लगाम मालकाच्या हातात, चारही घोड्यांचे चारही लगाम एकट्या डाव्या पंज्यात, उजव्यात चाबूक. पाहुणे छतावर. आतली जागा बहुधा रिकामीच. डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीला हेच छत बसायची माडी व्हायचं आणि दुपारचं जेवणही तिथेच. कोचमनची बैठक उंच पाहून ही पगारी माणसाची गाडी समजाल तर फसाल. अंगावर गणवेश आहे की स्वतःचा उत्तम कोट, हे पाहा.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा तुमच्या हातात हा फोटो आहे. चार चाकं, दोन घोडे, पुढे उंचावर दोन गणवेशधारी, मागे दोन बायका छत्र्या घेऊन, त्यांच्यासमोर दोन मुली. दारावर काहीतरी बारीक रंगवलेलं.

लगाम गणवेशधाऱ्याच्या हातात, म्हणजे फेटन आणि ड्रॅग बाद. तो उजवीकडे बसला आहे, म्हणजे फोटो सुलटा. चार चाकं, म्हणजे गिग, डॉगकार्ट, हॅन्सम बाद. समोरासमोर दोन बैठका, म्हणजे व्हिक्टोरिया आणि ब्रूम बाद. उरल्या बरूश, लँडो आणि क्लॅरेन्स. वर उघडं आकाश, क्लॅरेन्सही गेली. आता मुलींच्या पाठीमागे पाहा. चामड्याची वळकटी आहे, म्हणजे लँडो. खाली लंबवर्तुळाकार कमानी, तुळई नाही, म्हणजे रोजच्या वापरातली, दरबारी नव्हे. धाव रबरी दिसते, म्हणजे साधारण १८९० नंतर. दारावरचं चिन्ह, म्हणजे वर्षाला दोन गिनी भरणारं घर. मोठी बाई पुढे तोंड करून उजवीकडे, ओळख पटवायला सुरुवात तिच्यापासून.

फोटोखालची ओळ अशी होईल: ‘जोडीची उघडी लँडो, कोचमन आणि सोबती नोकरासह, सुमारे १८९० ते १९००.’ बग्गी हा शब्द कुठेच लागला नाही.

अनुवाद करणाऱ्यांसाठी उच्चारांचं एवढंच: लिहिताना ‘ब्रूघॅम’ नको, ब्रूम. ‘बारौचे’ नको, बरूश. फेटनला आपल्याकडे जुना फिटन हा शब्द आहेच, तो बिनधास्त वापरावा. लँडो, व्हिक्टोरिया, डॉगकार्ट जसेच्या तसे.

प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर

इंग्लंडात नातेवाईक असतील आणि जाणं होणार असेल तर डेव्हनमधल्या अर्लिंग्टन कोर्टला नॅशनल ट्रस्टचं गाड्यांचं संग्रहालय आहे. एकाच ठिकाणी ब्रूमपासून दरबारी गाडीपर्यंत सगळं, आणि कमानी पाहायला वाकता येईल इतकं जवळून. लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याचं रॉयल म्यूज, म्हणजे राजघराण्याचे तबेले. तिथे १९०२ ची स्टेट लँडो पाहा, सातव्या एडवर्डसाठी हूपरने बांधलेली. २०११ मध्ये विल्यम आणि केट लग्न लावून परतले ते तिच्यातूनच.

आणि २२ जून १८९७ चे व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचे फोटो जरूर शोधा. आठ पिवळसर पांढऱ्या घोड्यांची उघडी लँडो सेंट पॉलच्या पायऱ्यांशी उभी आहे. राणीला पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून प्रार्थनाच बाहेर, गाडीपाशी झाली. फोटो मोठा करून राणीच्या समोरच्या बैठकीची पाठ पाहा.